शाल-श्रीफळ आणि पर्चेस ऑर्डर

"पाच ट्रॉफ्या झाल्या, शाली किती ते आई सांगेल. जीएसटीचं रिटर्न मात्र अजून निल जातंय," ती म्हणाली आणि तिने सेंट्रिफ्यूजचं झाकण बंद केलं.

पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, आणि तिच्याच आधाराने २००७ साली उभं राहिलेलं व्हेंचर सेंटर हे इन्क्युबेटर. विज्ञानातून धंदा करू पाहणाऱ्यांची इथे कायम वर्दळ. संपादकांनी 'विज्ञानातल्या उद्योजिका' हा विषय दिला तेव्हा सोबत एक सूचनाही होती, 'प्रेरणादायी होऊ द्या.' प्रेरणेचा पुरवठा या क्षेत्रात मुबलक आहे. मार्च उजाडला की ८ तारखेच्या आगेमागे प्रत्येक बँकेला, क्लबला आणि कॉलेजला व्यासपीठावर एक तरी शास्त्रज्ञ-उद्योजिका हवी असते. मला बघायचं होतं ते एप्रिलमध्ये काय होतं.

रिटर्न निल जाणारी ही बाई सांगली जिल्ह्यातल्या दूधवाल्या घरातली, रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेली. तिचं नाव इथे देत नाही. तिचे भाव ज्यांच्याशी ठरायचेत ते लोकही दिवाळी अंक वाचतात.

ताशी भाड्याचं विज्ञान

तिची कागदी पट्टी दुधातलं अफ्लाटॉक्सिन पकडते. दमट जागी साठवलेल्या सरकी पेंडीवर, मक्यावर एक बुरशी धरते. ती हे विष तयार करते. गाय ती पेंड खाते, गायीच्या यकृतात विषाचं रूप बदलतं आणि एम-१ या नावाने ते दुधात उतरतं. दूध उकळलं तरी जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याची मर्यादा घातली आहे किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. याच प्राधिकरणाची देशभरच्या दुधाची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुने या मर्यादेच्या वर निघाले. दुधातल्या पाण्यावर आणि युरियावर आपल्याकडे पुष्कळ ओरड होते, पेंडीवरच्या बुरशीबद्दल कोणी बोलत नाही.

सॉफ्टवेअरचं स्टार्टअप दोन लॅपटॉपवर आणि मित्राच्या फ्लॅटमध्ये सुरू होऊ शकतं. पट्टीचं तसं नाही. उणे ऐंशी अंशांचा फ्रीज लागतो, धूर ओढून घेणारं कपाट लागतं, सोन्याचे अतिसूक्ष्म कण तयार करायला स्वच्छ जागा लागते, आणि आलेला निकाल खरा की खोटा हे पडताळायला लाखोंची यंत्रं लागतात. ही यंत्रं कुणी एकट्याने विकत घेऊ शकत नाही. इन्क्युबेटरमध्ये खोली महिन्याच्या भाड्याने मिळते आणि यंत्र तासाच्या. यंत्राचा तास बुक केलेला असताना मुलीच्या शाळेतून 'ताप आलाय, घेऊन जा' असा फोन आला, तर नमुना वाया जातो आणि तासाचे पैसेही. "सपोर्ट सिस्टीम, सपोर्ट सिस्टीम म्हणतात ना, ती माझ्यासाठी सासूबाई आहे," ती म्हणाली. "त्या गावी गेल्या की माझं आर अँड डी बंद."

प्रयोगशाळेत पट्टी चालली म्हणजे काम झालं असं तिलाही वाटलं होतं. मग ती पट्टी घेऊन पहाटे साडेपाचला दूध संकलन केंद्रावर गेली. मीही एकदा तिच्याबरोबर गेले. थंडीत दूध गार असतं, फॅट जास्त असेल तर ते कागदावरून हळू सरकतं, आणि रांगेतल्या माणसाला दहा मिनिटं थांबायला सवड नसते. शिवाय एक अडचण अशी, जी कुठल्याही शोधनिबंधात नव्हती. अशा पट्टीत विष असलं की रेषा नाहीशी होते. म्हणजे दोन रेषा दिसल्या तर दूध चांगलं, एकच दिसली तर दूषित. केंद्रावरच्या पोरांना दोन रेषांची पट्टी ठाऊक आहे ती औषधांच्या दुकानातली. तिथे दोन रेषा म्हणजे 'बातमी आहे'. पहिल्या दिवशी केंद्रचालकाने चांगल्या दुधाचे कॅन बाजूला काढून ठेवले आणि दूध संघाच्या चेअरमनला फोन लावला. तेव्हापासून तिच्या डबीवर हिरव्या-लाल रंगांत गायीची चित्रं आहेत. हा बदल प्रयोगशाळेतल्या कुणीच सुचवला नसता.

अठरा महिने

अशा कामाला पहिला मोठा पैसा बहुधा बायरॅककडून येतो. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२ साली स्थापन केलेली ही संस्था 'बिग' नावाचं अनुदान देते. त्यात अठरा महिन्यांसाठी पन्नास लाखांपर्यंत रक्कम मिळते आणि बदल्यात कंपनीतला हिस्सा मागत नाहीत. माझ्या मते गेल्या दशकात भारतीय विज्ञान-उद्योगासाठी झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं सरकारी काम. बँक ज्याला हसेल अशा कल्पनेला इथे शास्त्रज्ञांची समिती प्रश्न विचारते आणि पटलं तर पैसे देते.

पैसे मात्र टप्प्याटप्प्याने येतात. ठरलेलं काम दाखवा, खर्चाचं प्रमाणपत्र द्या, मग पुढचा हप्ता. या अठरा महिन्यांत एखाद्या संस्थापिकेला दिवस गेले तर काय? २०१७च्या दुरुस्तीनंतर नोकरदार बाईला सव्वीस आठवड्यांची प्रसूती रजा आहे. पण जी स्वतःच मालकीण, तिला रजा कोण देणार? मुदतवाढ मागता येते आणि ती मिळतेही. पण ती मागताना कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर दोघी संस्थापिकांची माझ्यासमोर चर्चा झाली. एकीने 'कच्च्या मालाच्या पुरवठ्यात विलंब' असं लिहिलं होतं. दुसरी म्हणाली, खोटं तरी कुठे आहे त्यात!

गर्भारपण आणि विज्ञान म्हटलं की पुण्यात एक गोष्ट हमखास निघते. मार्च २०२० मध्ये मायलॅबच्या संशोधन विभागाच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले यांनी करोना चाचणीचा किट राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे तपासणीसाठी पाठवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. देशभर कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. त्यांच्या चमूने सहा आठवड्यांत ते काम केलं. एरवी तीन-चार महिने लागले असते. पण हा प्रसंग सांगताना एक धागा सुटतो. त्या महिन्यात तपासणारी संस्था दिवसरात्र तपासत होती, परवाना देणारे दिवसांत परवाना देत होते, आणि किट तयार होण्याआधीच तो विकत घ्यायला सरकार दारात उभं होतं. मीनलताईंची जिद्द दुर्मीळ आहे, तशी ती अधूनमधून इतरांतही सापडते. घाईत असलेला खरेदीदार मात्र एरवी सापडत नाही.

कागदावरची बाई

२०२४च्या अखेरीस देशात मान्यताप्राप्त स्टार्टअप दीड लाखांवर होते, आणि त्यांतल्या ७३ हजारांहून अधिक कंपन्यांत किमान एक महिला संचालक होती. जवळजवळ निम्मं! हा आकडा भाषणांत छान वाजतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीच्या बैठकीला बसलेल्या माणसाला मात्र त्यात एक ओळखीचा चेहरा दिसेल. खुर्चीवर सरपंचबाई, शेजारी बोलणारे सरपंचपती. घरच्या कंपनीला दुसरा संचालक लागतो म्हणून बायकोची सही घेणं ही स्टार्टअपच्या आधीपासूनची पद्धत आहे. या ७३ हजारांत खऱ्या चालवणाऱ्या किती आणि सहीपुरत्या किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

राज्य सरकारने २०२४ साली आणलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनेत म्हणूनच अट घातली की महिलेचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा. अर्थसाहाय्य एक लाखापासून पंचवीस लाखांपर्यंत, आणि तरतुदीचा चौथा भाग मागासवर्गीय महिलांसाठी राखीव. अट चांगली आहे. पण विज्ञानातल्या कंपनीत ती उलटीही फिरते. पट्टीवालीसारखी बाई जेव्हा मोठी गुंतवणूक घेते, तेव्हा हिस्सा पातळ होतोच. एक-दोन फेऱ्यांनंतर ५१ टक्के कोणाकडेच उरत नाहीत, पुरुष संस्थापकाकडेही नाही. म्हणजे कंपनी वाढली की ती 'महिलांची' राहत नाही. पापड-मसाल्याचा उद्योग डोळ्यांपुढे ठेवून आखलेला नियम प्रयोगशाळेला लावला की असं होतं.

पेटंट कार्यालयाचा २०१९चा नियम मला त्या मानाने सुटसुटीत वाटतो. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यांत किमान एक स्त्री असेल, तर अर्जाच्या लवकर तपासणीची मागणी करता येते. पुण्यातले एक पेटंट एजंट हसत म्हणाले, "आता काही लोक विचारतात, मिसेसचं नाव घातलं तर चालेल का? मी सांगतो, शोध त्यांनी लावला असेल तर चालेल." तरीही या नियमामुळे महाविद्यालयांतल्या कितीतरी अर्जांवर, एरवी 'आभार' या मथळ्याखाली राहिलेल्या सहकारी बायका अर्जदार म्हणून आल्या, असंही त्यांचंच निरीक्षण.

सातबारा कुणाच्या नावे?

बँकेत गेल्यावर विज्ञान संपतं आणि सातबारा सुरू होतो. तारणाशिवाय कर्जासाठी सरकारी हमी योजना आहे, बायकांना हमीचा वाटाही जास्त मिळतो. पण शाखेतल्या अधिकाऱ्याला बुडीत कर्जाचं उत्तर स्वतः द्यायचं असतं. त्यामुळे चहा आला की तो हळूच विचारतो, "घर कुणाच्या नावावर आहे?" घर सासऱ्यांच्या नावावर, शेत वडिलांच्या नावावर, आणि दोघांच्याही मनात भाऊ-दीर आहेत. महाराष्ट्राने १९९४ साली, केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. कायदा झाला, हक्कसोडपत्रावर सह्याही होत राहिल्या. बहिणीने भाऊबीजेच्या ओवाळणीत सातबारा सोडायचा, ही आपल्याकडची रीत. विज्ञान-उद्योगाच्या धोरणावर जेव्हा परिसंवाद होतात तेव्हा हक्कसोडपत्राचा विषय तिथे कोणी काढत नाही. मला वाटतं, तो पहिल्या सत्रात हवा. बाईच्या नावाने घर घेतलं तर राज्यात २०२१पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. अशा घरांच्या मालकिणी पुढच्या दहा वर्षांत बँकेत काय घेऊन जातील ते बघण्यासारखं असेल.

गुंतवणूकदारांचं तऱ्हेवाईक वागणं मात्र जगभर सारखं आहे. न्यूयॉर्कमधल्या एका स्पर्धेतल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास करून काही अमेरिकी संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की पुरुष संस्थापकांना बहुतेक प्रश्न 'किती वाढाल?' या जातीचे विचारले जातात आणि बायकांना 'बुडणार नाही ना?' या जातीचे. विचारणाऱ्यांत बायकाही होत्या. बचावाच्या प्रश्नाला जी बचावात्मक उत्तर देते तिला पैसे कमी मिळतात. तोच प्रश्न वळवून वाढीबद्दल बोलते तिला जास्त. पट्टीवालीला मी हे सांगितलं. तिने लगेच वही काढली आणि आपल्याला आलेले प्रश्न आठवून लिहायला लागली: 'पुण्याबाहेर फिरायला जमेल?' 'मिस्टर काय करतात?' 'संघाने घेतलं नाही तर?' तिसरा तेवढा धंद्याचा होता.

ओळखीचं भांडवल

दारं बंद असण्याचा अनुभव बायकांपुरता नाही. छत्रपती संभाजीनगरात उद्योजकांच्या संघटनेने उभं केलेलं 'मॅजिक' हे इन्क्युबेटर आहे. त्या शहरात मला भेटलेला तरुण परभणीकडचा, दलित वस्तीतला, इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता. गावच्या पाणीयोजनेच्या टाकीतलं क्लोरीन आणि पातळी मोजून मोबाइलवर कळवणारं यंत्र तो बनवतो. त्याच्या मते अडचण पैशाची नंतर येते. "आधी माणूस लागतो, ताई. माझ्या बॅचमधल्या पोरांचे काका-मामा एमआयडीसीत होते. कुठल्या वर्कशॉपमध्ये साचा स्वस्त होतो, कुठला सप्लायर महिन्याची उधारी देतो, हे त्यांना जेवताना कळायचं. मला ते कळायला दीड वर्ष गेलं आणि दोन साचे वाया गेले."

ही कमतरता ओळखून मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात डिक्की, म्हणजे दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, सुरू केली. 'नोकरी मागणारे नको, देणारे व्हा' या वाक्यावर तेव्हा चळवळीतही बरेच वाद झाले. सरकारी योजना पुढे आल्या: २०१५ साली अनुसूचित जातींसाठी व्हेंचर कॅपिटल फंड, २०१६ साली स्टँड-अप इंडिया, ज्यात प्रत्येक बँकशाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला दहा लाख ते एक कोटींचं कर्ज द्यायचं होतं. २०२० साली आलेल्या आंबेडकर सोशल इनोव्हेशन मिशनमध्ये इन्क्युबेटरमधल्या अनुसूचित जातीच्या तरुणांना तीन वर्षांत तीस लाख भागभांडवल म्हणून. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच लाख नवउद्योजक महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी दोन कोटींपर्यंतच्या मुदतकर्जाची घोषणा झाली.

योजनांची नावं त्याला तोंडपाठ होती. त्याने त्यांतल्या एकीचा फायदाही घेतला आहे, आणि तो हे मोकळेपणी सांगतो. त्याची खंत वेगळी आहे. यंत्र त्याचं, पण पाणीयोजनेचं काम ज्या मोठ्या ठेकेदाराला मिळतं त्याच्या कंपनीच्या स्टिकरखाली ते टाकीवर बसतं. केंद्राच्या खरेदी धोरणात लघुउद्योगांकडून २५ टक्के माल घ्यायचा असं ठरलेलं आहे. त्यातला चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि तीन टक्के महिलांच्या उद्योगांकडून. प्रत्यक्षातली अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडची खरेदी त्या चार टक्क्यांपासून वर्षानुवर्षं लांबच राहिली आहे. तो ज्या ठेकेदाराला माल देतो, त्याच्यापर्यंत हे धोरण पोचतच नाही. स्टिकर बदलायचा प्रश्न काढला तर पुढची ऑर्डर जाईल. "आडनाव कळल्यावर कोण काय बोलत नाही आता," तो म्हणाला. "फक्त कॉल उचलायचा थांबतो."

पहिलं गिऱ्हाईक

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत महाराष्ट्राने जगाला मोलाचं काही दिलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या मदतीने १,३१,७४६ बायकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी केली तरी या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात हे त्यातून सिद्ध झालं. गावोगावच्या ज्या बायकांनी त्यात भाग घेतला त्यांच्या जोरावर जगभरची धोरणं बदलली. आणि आपल्याकडे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी १.९ टक्के बायकांचीच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झाली होती.

पुण्याच्या पेरिविंकल टेक्नॉलॉजीजचं 'स्मार्ट स्कोप' हे हातात धरायचं उपकरण या दरीसाठीच आहे. वीणा मोक्तली यांची ही कंपनी. परिचारिकेला गर्भाशयमुखाचं चित्र घेऊन संगणकाच्या मदतीने संशय ओळखता यावा, ही त्यामागची कल्पना. गरज सिद्ध आहे, शास्त्र सिद्ध आहे, उपकरण आहे. आता लागतो खरेदीदार, आणि आरोग्याच्या क्षेत्रात मोठा खरेदीदार एकच, सरकार.

सरकारी निविदेत तीन गोष्टी विचारतात: मागच्या तीन वर्षांची उलाढाल, असाच माल आधी कुठे पुरवल्याचा दाखला, आणि अनामत रक्कम. नव्या शोधाचा 'आधी' नसतो. केंद्राच्या नियमांत स्टार्टअपना उलाढाल आणि अनुभवाची अट शिथिल करता येते. 'करता येते' म्हणजे करणाऱ्याच्या मर्जीवर. निवृत्तीला आलेल्या एका खरेदी अधिकाऱ्याने मला हे ज्या शब्दांत सांगितलं त्याहून स्पष्ट मला कुणी सांगितलेलं नाही: "बाई, पुरस्कार दिला तर ऑडिटला पॅरा निघत नाही. खरेदी केली आणि यंत्र बंद पडलं, तर माझं पेन्शन अडकतं. तुम्हीच सांगा, मी काय देईन?"

म्हणून राज्याच्या नाविन्यता सोसायटीने २०१८पासून भरवलेला स्टार्टअप सप्ताह मला ट्रॉफ्यांच्या गर्दीत वेगळा वाटला. त्यात निवडलेल्या चोवीस स्टार्टअपना बक्षिसाऐवजी पंधरा लाखांपर्यंतचा कार्यादेश मिळायचा. शासनाच्या एखाद्या खात्यात प्रत्यक्ष वापरून दाखवा आणि त्याचे पैसे घ्या. त्या कार्यादेशाचा कागद म्हणजे पुढच्या निविदेतला 'अनुभवाचा दाखला'. रक्कम किरकोळ आहे, पण अधिकाऱ्याच्या पेन्शनची भीती त्याने वरच्यावर उचलली. चोवीसचे दोनशे चाळीस का होत नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा त्याच अधिकाऱ्याने खांदे उडवले. तेवढ्या खात्यांना तेवढे प्रश्न लिहून द्यावे लागतील, म्हणाले.

ऑर्डर मिळाली तरी पैसे येणं ही वेगळी लढाई. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा कायदा २००६पासून आहे. व्याज मागणारा पुरवठादार मला अद्याप भेटायचाय.

पट्टीवालीची गोष्ट मी पाषाणला तिला पुन्हा भेटायला गेले तेव्हा इथपर्यंत आली होती. ज्या संघाने वर्षभर फुकट पट्ट्या वापरल्या, सत्कारही केला, त्यांनी अखेर छापील कागदावर ऑर्डर काढली. संकलन केंद्रांपैकी पाचच केंद्रं, तीन महिने, चाचणीमागे ठरलेला दर. खाली अटी. पैसे नव्वद दिवसांनी. सदोष पट्ट्यांमुळे होणारं दुधाचं नुकसान पुरवठादाराकडून वसूल. ती अट वाचून तिच्या नवऱ्याने सही करून टाक म्हटलं, इन्क्युबेटरमधल्या वकिलाने करू नको म्हटलं. तिने दुधाच्या नुकसानीची ओळ लाल शाईने खोडली, नव्वदच्या जागी पंचेचाळीस लिहून शेजारी कायद्याचं कलम घातलं, लघुउद्योगाच्या 'उद्यम' नोंदणीची प्रत जोडली आणि कागद परत पाठवला. चेअरमनचा फोन आला तेव्हा ती यंत्राच्या ताशी भाड्यात अडकली होती. नंतर करते म्हणाली, आणि खरोखरच तास संपल्यावर केला.